वादळात खिडक्या उघड्या ठेवल्या तर आतला-बाहेरचा दाब सारखा होऊन घरावरचे पत्रे वाचतात का?

नाही. बऱ्याचदा त्यामुळेच जातात. प्रश्न विचारणारे तुम्ही जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडचे, म्हणजे उभी केळी आडवी करणारं मे-जूनचं वादळ तुम्हाला सांगायला नको. मी जळगाव भागात पत्र्याच्या शेडची कामं घेतो. ‘हवा आरपार जाऊ द्या’ हा सल्ला गावोगाव ऐकतो.

वारा समोरच्या भिंतीला अडला की तिथे दाब वाढतो. मागच्या भिंतीवर आणि बसक्या छपरावर मात्र दाब उतरतो, म्हणजे पत्रा वर ओढला जातो. आत काय होणार, हे उघडं काय आहे त्यावर. वाऱ्याच्या तोंडचं दार उघडं आणि बाकी सगळं बंद असेल तर हवा आत कोंबली जाते आणि पत्रा खालूनही ढकलला जातो. मागचीच खिडकी उघडी असेल तर आतला दाब कमी होतो, पत्र्यावरचा ताणही घटतो. पण वादळाचा वारा दिशा बदलतो, त्या भरवशावर राहू नका.

आता हिशोब. आयएस 875 म्हणजे इमारतींवर येणाऱ्या भारांचं भारतीय मानक; त्याच्या भाग 3 मध्ये वाऱ्याचा दाब 0.6 गुणिले वेगाचा वर्ग असा धरतात. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर, म्हणून 240 पास्कल. चौरस मीटरला साधारण 24 किलोचा जोर. छपराची ओढ त्याच्या 0.8 पट धरू. घर बंद, नुसत्या फटी असतील तर आतल्या दाबाचे 0.2 धरतात, बेरीज 1, म्हणजे 24 किलो. भिंतीचा पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भाग उघडा असेल तर 0.7 धरतात, बेरीज 1.5, म्हणजे 36 किलो. आणि लोखंडी पत्र्याचं स्वतःचं वजन? चौरस मीटरला जेमतेम चार-पाच किलो! वर ठेवलेले दगड तर उडाले की शेजाऱ्याच्या अंगणात.

 

म्हणून वादळाची चाहूल लागली की वाऱ्याच्या तोंडची दारं-खिडक्या आधी लावा, मग बाकीची. आतून कडी घाला. सगळ्यात जास्त ओढ कडेच्या आणि कोपऱ्यातल्या पत्र्यांना बसते, तिथे जे-हूक (पत्रा खालच्या लोखंडाला धरून ठेवणारे वाकडे बोल्ट) जवळजवळ मारा. हुकांवरचे सैल झालेले वायसर (चकत्या) पावसाळ्याआधी बदलून घ्या.