परदेशात कार न घेता, ट्रेननं फिरून डोंगरात चालण्याची सुट्टी घेता येते का?

तुम्ही विचारलंय की रोज कामावर जाता-येता कार चालवून जीव मेटाकुटीला आलाय, सुट्टीत परदेशी जाऊन डोंगरात चालायचंय, पण तिथेही स्टेअरिंग हातात धरायचं नाही. हे जमेल का? अगदी जमेल. उलट कार नसली की डोंगर जास्त बघून होतात.

कारण साधं आहे. कारनं गेलं की फिरून पुन्हा पार्किंगलाच यावं लागतं. म्हणजे एक तर गोल वाट शोधा, नाही तर आल्या वाटेनं परत फिरा. ट्रेननं गेलात तर एका स्टेशनवर उतरायचं, डोंगर तुडवायचा आणि दुसऱ्याच स्टेशनवर ट्रेन पकडायची. हे सुख एकदा अनुभवल्यावर मी सुट्टीत भाड्याची कार घेणं बंद केलं ते कायमचं.

माझी पहिली शिफारस पूर्व स्वित्झर्लंडमधल्या बेर्निना मार्गाची. सेंट मॉरिट्झहून निघणारी ही लाल ट्रेन इटलीतल्या तिरानोला उतरते. मध्ये ओस्पिझियो बेर्निना हे 2253 मीटर उंचीवरचं स्टेशन लागतं आणि तिथून तिरानोपर्यंत ट्रेन 1800 मीटरच्या आसपास खाली येते, तीही दातेरी रुळांशिवाय. 2008 साली हा मार्ग जागतिक वारसा यादीत गेला. मोठाल्या काचांच्या 'बेर्निना एक्स्प्रेस'ला आरक्षण आणि त्याचे वेगळे पैसे लागतात. त्याच रुळांवरून साध्या ट्रेनही धावतात, त्यांना आरक्षण नको. तुम्हाला चालायचंय, तेव्हा साधीच पकडा, कारण मनात येईल तिथे उतरता आलं पाहिजे.

ओस्पिझियो बेर्निनाला उतरलात की समोरच लागो बियांको. हिमनदीनं दळलेल्या दगडाची पूड पाण्यात मिसळते, म्हणून तलाव दुधी दिसतो. त्याला लागूनच लेय नायर हा दुसरा तलाव आहे, त्याचं पाणी गडद काळपट. या दोन तलावांच्या मधोमध पाणलोटाची सीमा आहे. काळ्या तलावाचं पाणी इन आणि डॅन्यूब या नद्यांमार्गे काळ्या समुद्राला मिळतं, दुधी तलावाचं पो नदीतून एड्रियाटिकला. तिथे उभं राहून मी बराच वेळ दोन्हीकडे आळीपाळीनं बघत होतो. तलावाच्या काठाकाठानं चालत आल्प ग्र्यूमला या. 2091 मीटरवरच्या या स्टेशनला रस्ताच नाही, ट्रेननं या किंवा पायी. समोर पालू हिमनदी आणि खाली वळणं घेत उतरणारे रूळ. हॉर्न नाहीत, इंजिनांची घरघर नाही. रोज ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्या माणसाला ही शांतता अंगावर जाणवते.

याच मार्गावर मोर्तेराच स्टेशन आहे. तिथून हिमनदीकडे जाणाऱ्या वाटेवर सालांचे फलक लावलेत, त्या त्या साली बर्फ कुठवर होता हे दाखवणारे. चालत राहता, फलकांमागून फलक मागे पडतात, तरी बर्फ लांबच राहतो. ही वाट जरूर चाला, फक्त मन थोडं जड होतं.

स्वित्झर्लंडमध्ये वेळापत्रकाची धास्ती घ्यायची गरज नाही. 1982 पासून तिथे ठरावीक अंतरानं, दर तासाला त्याच मिनिटाला ट्रेन सोडायची पद्धत देशभर आहे. मोठ्या जंक्शनवर अनेक ट्रेन तासाच्या जरा आधी येतात आणि जरा नंतर सुटतात, म्हणून बदलायला वेळ मिळतो. पिवळ्या पोस्टबस त्याच हिशेबानं लावलेल्या. एक चुकली तर पुढची येतेच, आणि रोज घड्याळाशी झटणाऱ्याला खरा आराम इथेच मिळतो. रोज लांबलांब फिरणार असाल तर ट्रॅव्हल पास घ्या. एका ठिकाणी राहून थोडंथोडं फिरणार असाल तर अर्ध्या भाड्यात तिकीट देणारं, महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड बहुधा परवडतं.

स्वित्झर्लंडमध्ये पायवाटा 65,000 किलोमीटरच्या आसपास आहेत. पाट्यांवर अंतर नसतं, लागणारा वेळ असतो, तोही न थांबता चालण्याचा. म्हणून फोटो आणि खाण्यापिण्यासाठी वेळ वाढवूनच धरा. नुसती पिवळी खूण म्हणजे सोपी वाट, पांढरी-लाल-पांढरी म्हणजे डोंगरातली. पांढरी-निळी-पांढरी दिसली तर अनुभव नसताना तिकडे वळू नका.

गर्दी नको असेल तर नॉर्वे. ओस्लो-बर्गन रेल्वेवर 1222 मीटर उंचीचं फिन्से स्टेशन आहे, तिथेही रस्ता पोचत नाही. समोर हार्दांगेरयोकुलेन या हिमनदीची बर्फाची टोपी. रेल्वे बांधताना मजुरांसाठी केलेली रालारवेगेन वाट इथूनच पुढे फ्लोम गावापर्यंत उतरते, सायकलवाल्यांची ती फार लाडकी. 1957 च्या कायद्यानं मोकळ्या माळावर कुणालाही तंबू ठोकता येतो. घरापासून 150 मीटर लांब राहायचं, एवढं पाळा. जुलैच्या मध्याआधी मात्र जाऊ नका, वाटेवर बर्फ असतो.

स्कॉटलंडमध्ये कोरूर हे असंच सार्वजनिक रस्त्याशिवायचं स्टेशन आहे. रात्री लंडनला झोपायच्या डब्यात शिरलात की सकाळी रॅनॉकच्या ओसाड पठारावर उतरता. उन्हाळ्यात तिथे मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या हैराण करतात, तेव्हा मे महिना बरा.

आता तयारीचं. मुक्काम स्टेशनपासून चालत जाता येईल असाच घ्या, हॉटेल थोडं महाग पडलं तरी. सॅक एकच, स्वतःला जिने चढून नेता येईल एवढी. फलाट बदलताना चाकांची मोठी बॅग नकोशी होते. वाट धरण्याआधी पलीकडच्या स्टेशनवरून शेवटची ट्रेन किती वाजता आहे ते बघून ठेवा, डोंगरात हवा फिरली की वेळ हमखास वाढतो. आणि दर रात्री नवं गाव असा बेत करू नका. पहिल्या खेपेला बेर्निना मार्गावरच्या पाँट्रेसिना गावात सगळी सुट्टी काढलीत तरी बेर्निनाच्या वाटा संपणार नाहीत.