मनिलाजवळच्या मारिकिनातल्या घराबद्दल, तुला

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा मूडबोर्ड, म्हणजे सजावटीच्या चित्रांची पानं, परवाच आला होता, पण काल रात्री जेवणं आटोपल्यावर निवांत उघडला. पहिल्याच पानावर हसू आलं. कापिस शिंपल्यांचं झुंबर, वेताची गोल खुर्ची, विणीच्या दारांचं कपाट, कोपऱ्यात मॉन्स्टेराची कुंडी. वीस वर्षांपूर्वी मनिलात पहिलं काम मिळालं तेव्हा माझाही कागद हुबेहूब असाच होता, फक्त मॉन्स्टेराच्या जागी अरेका पाम होता. त्या घरातल्या आजी, म्हणजे लोला, तयार झालेला दिवाणखाना बघायला आल्या. झुंबराकडे मान वर करून बघितलं आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "छान आहे हो. चेक-इन कुठे करायचं?"

म्हणून आधी सांगते: सामानाची पानं सध्या बाजूला ठेव.

तुझ्या क्लायंटबाईंनी 'मॉडर्न फिलिपिनो' हवं असं लिहिलंय. हे त्यांनी तुझ्यासाठी इंग्रजीत शोधून काढलेलं नाव आहे. त्यांच्याशी मोडक्यातोडक्या टागालोगमध्ये बोल, म्हणजे थोड्या वेळात एक शब्द हमखास येईल: माआलिवालास. मोकळं, उजेडाचं, वारा खेळणारं. निरभ्र आभाळालाही हाच शब्द आणि प्रसन्न चेहऱ्यालाही हाच. आपला 'ऐसपैस' त्याच्या जवळ जातो, पण ऐसपैसला जागा लागते. माआलिवालास घर चाळीस चौरस मीटरचंही असू शकतं आणि चारशेचं घरसुद्धा कोंदट निघू शकतं. तुला ब्रीफ, म्हणजे क्लायंटला काय हवंय ते एका ओळीत, हवं होतं ना? हेच ते.

आता वारा. तिथे दोन वारे आहेत आणि दोघांना नावं आहेत. थंडीच्या महिन्यांत ईशान्येकडून येतो तो आमिहान, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो तो हाबागात. दुसरा तुझ्या ओळखीचाच, कोकणात आपण त्याचीच वाट बघतो. प्लॉटवर जाशील तेव्हा उत्तरेच्या बाणाबरोबर हे दोन बाणही काढ. जुन्या घरांचा सगळा शहाणपणा या बाणांना धरून आहे. बाहाय कुबो, म्हणजे खांबांवर उचललेलं बांबूचं घर, बघितलं असशील. उंच उतरतं छप्पर, बांबूच्या कामट्यांची फटी असलेली जमीन, तट्ट्याच्या भिंती. तट्ट्याला तिथे सावाली म्हणतात. घराखालच्या मोकळ्या जागेला सिलोंग. वारा खालून येतो, छपराच्या पोकळीत चढतो आणि निघून जातो.

स्पॅनिश काळात पैसेवाल्यांनी दगडी घरं बांधली, तीही या कुबोचीच थोरली भावंडं. नाव बाहाय ना बातो, दगडाचं घर. पण दगड फक्त खालच्या मजल्याला. वरचा मजला लाकडी आणि सगळा भार जाडजूड लाकडी खांबांवर, कारण मनिला भूकंपाच्या पट्ट्यातली. 1863 आणि 1880 च्या भूकंपांनंतर तर जड कौलंही हळूहळू गेली आणि त्यांच्या जागी पत्रा आला. या घरांच्या वरच्या मजल्याची खिडकी मात्र तू जवळून बघायलाच हवीस. मनिलाच्या जुन्या तटबंदीच्या शहरात, इंट्रामुरोसमध्ये, कासा मनिला हे संग्रहालय आहे. घर मुळातलं नाही, 1980 च्या दशकात जुन्याबरहुकूम नव्याने बांधलेलं आहे, पण शिकायला उत्तम. एक अख्खी सकाळ काढ आणि एकाच खिडकीपुढे बस.

सर्वात वर नक्षीदार जाळी. मधे सरकती तावदानं, जवळजवळ भिंतभर लांबीची. लाकडाच्या बारीक चौकटी आणि प्रत्येक चौकटीत बोटभर लांबीरुंदीचा शिंपल्याचा तुकडा. बिजागऱ्या नाहीत. खोबणीतून ढकललं की पूर्ण रुंदी मोकळी होते. आणि खाली, खिडकीच्या पाटाच्या खाली थेट जमिनीपर्यंत, दुसरी छोटी खिडकी: व्हेंतानिया. पुढे कठडा, आत सरकती फळी. मला पहिल्यांदा हा निव्वळ शोभेचा प्रकार वाटला होता. मग तिथल्या गाइडने जमिनीवर चटई अंथरल्याचा हात केला आणि डोक्यात प्रकाश पडला. माणसं बानिगवर, म्हणजे चटईवर, खाली झोपायची. रात्री वारा लागायला हवा तो झोपलेल्या अंगाला, उभ्या माणसाच्या डोक्याला लागून काय उपयोग? वरची खिडकी लावून घ्यायची, खालची उघडी ठेवायची.

तो शिंपला म्हणजे कापिस. तू आजोळी गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना बघितला असशील तोच, प्लाकुना प्लासेंटा. काचेचा सुकाळ नव्हता तेव्हा दोन्ही किनाऱ्यांनी एकाच शिंपल्यात उजेड गाळून घेतला. त्यातून येणारं ऊन साईच्या रंगाचं होतं, डोळ्यांवर येत नाही. म्हणजे कापिसचा धर्म ऊन गाळण्याचा. आपण त्याला छताला टांगतो आणि आत एलईडी बल्ब पेटवतो. तुझ्या नकाशात पश्चिमेला एक खिडकी आहे, चारनंतर तिथे बसवणार नाही. झुंबराचे पैसे त्या खिडकीच्या सरकत्या कापिस तावदानात घाल.

मारिकिना म्हटल्यावर दुसरा प्रश्न पाण्याचा. 26 सप्टेंबर 2009 ला ओंदोय वादळ आलं आणि 12 नोव्हेंबर 2020 ला युलिसिस. दोन्ही वेळा नदी शहरात शिरली. गल्लीतल्या चार घरी जाऊन विचार, पाणी कुठवर आलं होतं. लोक भिंतीवर हात ठेवून दाखवतील, अंदाजे कोणी सांगणार नाही. 2021 च्या जुलैतल्या पुरानंतर चिपळूणला माझ्या भावाने असाच हात ठेवून दाखवला होता, तो अजून डोळ्यांपुढून जात नाही. ती उंची तुझ्या प्रत्येक सेक्शनवर, म्हणजे घराच्या उभ्या छेदावर, लाल रेघेने काढ. रेघेखाली प्लायवूड नको, एमडीएफ तर नावालाही नको, जिप्समच्या भिंती नकोत. स्विचबोर्ड रेघेच्या वर, मेन बोर्ड वरच्या मजल्यावर. खालचं सामान दोन माणसांना उचलून जिन्याने वर नेता येईल एवढंच. बाहाय ना बातोमध्ये खाली गाडी, धान्य, अडगळ आणि वर संसार असायचा. मारिकिनात तीच विभागणी पुन्हा कर, तिला जुन्याचं नाव द्यायचीही गरज नाही.

इथे तुझी अडचण होणार. तुझ्या क्लायंटच्या घरातल्या लोलांचे गुडघे दुखतात म्हणून तू त्यांची खोली खाली काढलीयस. समजू शकते. पण पाणी रात्री आलं तर सर्वात आधी त्यांनाच उचलावं लागेल. खोली वर ने आणि जिना सोपा कर. आता माझी फजिती ऐक. केसोन सिटीतलं एक घर. मजल्याची उंची 280 सेंटीमीटर, मी पंधरा पायऱ्या बसवल्या होत्या. काँक्रीट व्हायच्या आदल्या दिवशी घरातल्या आजी साच्याजवळ आल्या आणि पायऱ्या बोटाने मोजत गेल्या: ओरो, प्लाता, माता, ओरो, प्लाता, माता. सोनं, चांदी, मरण. शेवटची पायरी मातावर आली. आजी काहीच बोलल्या नाहीत, फक्त फोरमनकडे बघितलं. फोरमनने हातातलं काम खाली ठेवलं.

मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. अंधश्रद्धा वगैरे शब्द ओठांवर आले होते. मग रात्री बसून सोळा पायऱ्या केल्या. शेवटची पायरी ओरोवर गेली, आणि पायरीची उंची 18.7 वरून 17.5 सेंटीमीटरवर आली. त्या जिन्यावरून आजी पुढे कितीतरी वर्षं कठडा न धरता चढल्या. पामाहिइन म्हणतात तिथे असल्या समजुतींना. आपल्याकडे वास्तुशास्त्रवाले येऊन संडास हलवायला लावतात त्या मानाने हे फार स्वस्तात पडतं. तुझा जिना दहा, तेरा, सोळा यांतल्या आकड्यावर आण, मधे एक चौक दे, आणि लोलांना स्वतः मोजू दे.

स्वयंपाकघराबद्दल थोडं कडक बोलणार आहे. तू काढलंयस दिवाणखान्याला जोडून उघडं किचन, मधे आयलंड, म्हणजे सुटा ओटा, वर तीन दिवे. फोटोत झकास. पण सकाळी सहाला त्या घरात तुयो तळला जाणार आहे. तुयो म्हणजे खारवून सुकवलेली मासळी, सोबत लसणीवर परतलेला शिळा भात. सुके बोंबील भाजले की वास कुठवर जातो हे तुला मी सांगायला नको. म्हणून तिथल्या घरांत दोन स्वयंपाकघरं असतात. एक आतलं, कॉफीचं आणि पाहुण्यांना दाखवायचं. दुसरं मागच्या अंगाला, वर छप्पर, बाजूला नुसती जाळी. त्याला इंग्रजीतच डर्टी किचन म्हणतात. नावावर जाऊ नकोस, खरं घर तिथेच चालतं. मासळी तिथे साफ होते, भांडी तिथे घासली जातात, गप्पा तिथे होतात. आपलं परसदारच ते. नव्या डिझायनरांचं बजेट आतल्या आयलंडवर संपतं आणि मागे काहीच उरत नाही. मग काय होतं? वर्षाच्या आत घरचे लोक मागे पत्र्याची शेड ठोकतात, आणि आपण नकाशात इतक्या कौतुकाने आणलेला मागचा वारा ती शेड अडवून बसते. त्यापेक्षा तूच आधी नीट काढून दे. खोल सिंक, जमिनीला उतार, ओट्याची उंची रोज रांधणाऱ्या बाईच्या मापाची. क्लायंटबाईंच्या नव्हे, रांधणाऱ्या बाईच्या.

छपराबद्दल एकच. पांढरे खोके, सपाट माथे, वळचण शून्य, असली घरं तिथे सध्या खूप निघाली आहेत. एक हाबागात गेला की खिडक्यांखाली काळे ओघळ. मीटरभर वळचण सोड. पण तुफानात रुंद वळचणीखाली वारा घुसून छप्पर उचलतो, म्हणून दुपाखीपेक्षा चौपाखी बरं, आणि वळचणीचे वासे भिंतीशी पक्के बांधलेले हवेत. हे स्ट्रक्चरलवाल्याकडून लिहून घे.

फ्रान्सिस्को मान्योसांचं काम बघ असं सगळेच सांगतील. 2018 साली त्यांना वास्तुकलेसाठी नॅशनल आर्टिस्टचा मान मिळाला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. कुबोचं छप्पर आणि वारा आधुनिक घरात आणायचा त्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला होता. लोक मात्र त्यांचा कोकोनट पॅलेसच बघून येतात, 1981 साली पोप येणार म्हणून नारळाच्या लाकडाकरवंट्यांतून उभारलेला. कारागिरी थक्क करणारी आहे, पण मला तिथे नेहमी प्रदर्शनात आल्यासारखं वाटतं. तसंच सेबूच्या केनेथ कोबोनपुएंच्या खुर्च्यांचं. वेताला त्यांनी जगभर नेलं, आणि त्याआधी त्यांच्या आईने त्याच वेतावर हात बसवला होता. कौतुक आहेच, पण तुझ्या बजेटात त्यांतली एक खुर्ची घेतलीस तर पडदे राहतील.

त्याऐवजी घरातल्या जुन्या खुर्च्या शोध. कुठल्याही फिलिपिनो घरात एक तरी मोडकी सोलिहियाची खुर्ची सापडते. अष्टकोनी भोकांची ती वेताची वीण, आपल्या जुन्या सरकारी कचेऱ्यांत असायची तीच. पाठीला घाम येत नाही. बैठक सैल पडली असेल तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने ओलं फडकं फिरवायचं आणि सावलीत वाळू द्यायची. वेत आपसूक ताणतो. लोलांसमोर करून दाखव, तुझं निम्मं काम तिथेच होईल. नारा या तिथल्या झाडाच्या नव्या लाकडाचा हट्ट धरू नकोस. 2011 पासून नैसर्गिक जंगलातली तोड बंद आहे. पाडलेल्या घरांच्या फळ्या मिळतात, खिळ्यांच्या भोकांसकट घे. वाळवी मात्र टोचून बघ.

जेवणाच्या खोलीत भिंतीवर हातभर लांबीचा लाकडी चमचा आणि काटा असेल, वर लास्ट सपरची तसबीर. दिवाणखान्यात मुलांचे पदवीच्या टोपीतले फोटो, सांतो निन्योची, म्हणजे बाळ येशूची, मूर्ती आणि कराओकेचं यंत्र. तुझ्या बोर्डावर यांतलं काहीच नाही. पहिल्या घरात मी तो चमचाकाटा उतरवला होता. घर भरलं त्या दिवशी आधी तांदूळ आणि मीठ आत गेलं, पाद्रींनी आशीर्वाद दिला, नाणी उधळली. महिन्याने गेले तर चमचाकाटा परत भिंतीवर, माझ्याच निवडलेल्या दिव्याच्या बरोबर खाली. दिसत होता मात्र सुरेख. तेव्हा जागा आधीच ठेव, प्रकाशही दे.

साइटवर मोठ्यांशी बोलताना वाक्यात 'पो' घालायला विसरू नकोस, आपल्या अहोजाहोसारखंच ते. वयाने मोठ्या सुताराला नुसत्या नावाने हाक मारायची नाही, आधी 'मांग' लावायचं. तीनच्या मेरिएंदाला, म्हणजे मधल्या खाण्याला, पांदेसालचे पाव आणि कॉफी तुझ्याकडून जाऊ दे. तू भात कुठे खातेस हे ते विचारतील, खरं सांग.

पुढच्या मेलमध्ये दिवाणखाना नको. जिना आणि डर्टी किचन, दोन्ही एकास पन्नासच्या स्केलला, लाल रेघेसकट पाठव.

तुझी,
जुनी मास्तरीण

ता. क. बाथरूममध्ये तू रेन शॉवर दाखवलायस, हरकत नाही. पण खाली नळ आणि बादली ठेवायला जागा कुठे आहे? तिथे बादलीला तिम्बा म्हणतात आणि पाणी घ्यायच्या मगाला ताबो. मोठमोठ्या घरांतही तो शॉवरच्या मागे लपवलेला असतो. आपल्याला तरी हे कोणी समजावून सांगायला नको होतं!