मास्कचा ट्रॅक मध्येच सुटतो, तर कीफ्रेम हाताने द्यावेत का?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यावरचा मास्क, म्हणजे शॉटचा तेवढाच भाग बदलायला आखलेला आकार, ट्रॅक करताना (सॉफ्टवेअरला तो आपोआप चेहऱ्यामागे न्यायला लावताना) अर्ध्यात घसरतो, तर हाताने कीफ्रेम द्यावेत, म्हणजे ठरावीक फ्रेमला मास्क कुठे हवा ते स्वतः ठरवावं, की सरळ दाविंची या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर जावं, असं तुम्ही विचारलंय. हाताने करा. सॉफ्टवेअर बदलून हे दुखणं जात नाही.

मी सांगलीत एका स्टुडिओत लग्नाच्या फिल्म एडिट करायचो. एका लग्नात नवरीच्या मागे एलईडी वॉल लख्ख पेटलेली, त्यामुळे मंगलाष्टकांच्या शॉटमध्ये तिचा चेहरा पार काळा पडलेला. लंबगोल मास्क घालून चेहरा उजळायचा, एवढंच काम. आमचे सीनिअर म्हणाले, "ट्रॅक फॉरवर्ड दाब आणि पुढचं घे." दाबलं. पहिल्या 'सावधान'ला अक्षता पडल्या आणि मास्क गेला. ट्रॅकरला नवरी कळत नाही, त्याला फक्त उजेड-अंधाराची नक्षी कळते. दाणे गालावरून खाली आले तसा मास्कही त्यांच्याबरोबर उतरला आणि अंतरपाटाच्या काठाला चिकटला. अंतरपाट उजळला, नवरी अंधारात.

हाताने करतो म्हटलं, तर म्हणाले, "९ सेकंदांचा शॉट, २२५ फ्रेम. हे मजुराचं काम आहे, एडिटरचं नाही." फिल्म तशीच गेली. तिसऱ्या दिवशी नवरीच्या वडिलांचा फोन मीच उचलला. "पोरीचं तोंडच दिसत नाही हो," एवढंच बोलले ते.

त्या रात्री ट्रॅकरने घातलेले सगळे कीफ्रेम पुसले. मान वळायला लागते, थांबते, परत फिरते, तिथेच मास्क पाथला, म्हणजे मास्कच्या जागेला आणि आकाराला, कीफ्रेम दिले. अक्षता पडतात तिथे एकही नाही, कारण तेवढ्यात ती हलतच नाही आणि मधला प्रवास सॉफ्टवेअर भरतं. फेदर, म्हणजे मास्कच्या कडेचा मऊपणा, १० होतं, ते ८० केलं. हलणाऱ्या मुंडावळ्यांमागे धावलो नाही, त्या मऊ कडेत सामावल्या. एकूण कीफ्रेम लागले १४.

तुमच्या शॉटमध्ये ट्रॅक थोडाच बिघडत असेल, तर चेहरा सर्वांत स्वच्छ दिसतो त्या फ्रेमपासून पुढे आणि मागे ट्रॅक करा, बिघडलेला तुकडा पुसा. मास्कला अधेमधे नवे बिंदू जोडू नका, दोन कीफ्रेममध्ये आकार वेडावाकडा होतो.

माणसाच्या मागून नाव सरकवायचं असेल, तर मात्र असला मऊ लंबगोल चालणार नाही. पेन टूलने डोकं, हात, धड यांचे वेगवेगळे मास्क काढा. माणूस आपोआप ओळखून वेगळा काढणारा दाविंचीचा मॅजिक मास्क तिथे कामाचा आहे, पण तो पैसे भरून घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत येतो. आणि हो, चेहऱ्यासमोरून काही जात नसेल तर ट्रॅकर उत्तम, मीही रोज वापरतो. पण ट्रॅक लावून शॉट शेवटपर्यंत न बघता एक्स्पोर्ट करायचा आणि वर हाताने करणाऱ्याला मजूर म्हणायचं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ती ९ सेकंदं नीट करायला मला दीड तास लागला होता.