डीएलसी आता घेऊ की सेलमध्ये? आधी कार्डचं स्टेटमेंट उघडा

प्रश्न : वय 29, पुण्यात नोकरी, हातात पगार 52,000. लग्न झालेलं नाही, वडिलांना पेन्शन आहे. मला आरपीजी (कथेतलं पात्र घडवत खेळायचे) गेम्सची आवड आहे. ‘एल्डन रिंग’ स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर आहे, तीस तास झाले, राडान या बॉसपाशी (मोठ्या शत्रूपाशी) अडकलोय. ‘सायबरपंक 2077’ एपिक या दुसऱ्या दुकानावर स्वस्तात घेतला होता. आता पहिल्याचं ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ आणि दुसऱ्याचं ‘फँटम लिबर्टी’ ही दोन डीएलसी (मूळ गेमला जोडायचे विकतचे विस्तार) आणि येऊ घातलेल्या एका गेमची सीझन पासवाली डिलक्स एडिशन, असे मिळून 9,000 होतात. स्टीमवर आताच कार्डने घेऊ की सेलची वाट पाहू? मराठी गेमप्लेचं यूट्यूब चॅनल काढून पैसे वसूल करायचा विचार आहे. कार्डचं बिल वेळेवर भरतो, दरमहा मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) 7,000. कार्डची बाकी 1,40,000 आहे. एक लाखाची एफडी आहे आणि आठ महिन्यांपासून 4,000 रुपये महिन्याची गॅरंटीड परताव्याची विमा पॉलिसी चालू आहे, त्यामुळे बचतीची चिंता नाही.

उत्तर : चिंता करावी अशीच स्थिती आहे. पण तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर आधी देतो, ते लवकर संपतं. तिन्हीपैकी काहीही आता घेऊ नका.

‘शॅडो ऑफ द एर्डट्री’मध्ये शिरायला राडान आणि मोग हे दोन्ही बॉस हरवलेले असावे लागतात. तुम्ही पहिल्यापाशीच अडकला आहात आणि मोगपर्यंतची वाट लांबची आहे. आज पैसे भरले तर कित्येक आठवडे त्या नकाशावर पाऊलही पडणार नाही. रिफंडचाही आधार नाही: स्टीमवर डीएलसी परत करायचं तर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत, आणि खरेदीनंतर मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना. ते दोन तास राडानशी झुंजण्यातच जातील.

‘फँटम लिबर्टी’ स्टीमवर घेतलंत तर ते चालणारच नाही. एपिकवरच्या बेस (मूळ) गेमला स्टीमचं डीएलसी जोडता येत नाही. ते एपिकवरूनच घ्यावं लागतं. ही चूक फार जण करतात.

सीझन पास म्हणजे अजून तयार न झालेल्या मालाचे आगाऊ पैसे. ‘स्टारफील्ड’ या गेमची प्रीमियम एडिशन सप्टेंबर 2023 मध्ये घेणाऱ्यांना त्यातला ‘शॅटर्ड स्पेस’ हा विस्तार 30 सप्टेंबर 2024 ला मिळाला. वर्षभर पैसे अडकले, आणि विस्तार कसा आहे हे कळायच्या आधीच ते देऊन झाले होते. आरपीजीच्या बाबतीत थांबणाऱ्याचाच फायदा होतो: काही काळाने बेस गेम आणि सगळे विस्तार एकत्र असलेली एडिशन निघते आणि ती सेलमध्ये उतरते. ‘विचर 3’चं तसंच झालं, ‘सायबरपंक’चंही.

यूट्यूबचं गणित करून बघा. जाहिरातींचा वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि 12 महिन्यांत 4,000 तासांचा वॉच टाइम लागतो (शॉर्ट्सची अट वेगळी). 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. एक प्रेक्षक सरासरी पाच मिनिटं थांबला तर 48,000 व्ह्यूज. एवढं झाल्यावर फक्त अर्ज करता येतो, पैसे त्यानंतर. हौस म्हणून चॅनल जरूर काढा, पण खरेदीच्या हिशेबात त्याचा एक रुपयाही धरू नका.

आता तुम्ही न विचारलेलं. मिनिमम ड्यू वेळेवर भरला म्हणजे बिल भरलं असं होत नाही. लेट फी लागत नाही, एवढंच. व्याज चालूच राहतं. कार्डचा दर साधारण महिन्याला 3.5 ते 3.75 टक्के असतो, 3.6 धरू. 1,40,000 वर महिन्याचं व्याज 5,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 900. म्हणजे तुमच्या 7,000 मधले जवळजवळ 6,000 व्याजातच जातात आणि मुद्दल हलतं 1,000 ने. वर्षाला 84,000 भरूनही कर्ज सव्वा लाखाच्या आसपासच राहतं, तेही नवं काही स्वाइप केलं नाही तर.

शिवाय बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. जीएसटीसकट महिन्याला सव्वाचार टक्के. भरताय त्यात जुनं व्याजच जेमतेम भागतं, म्हणून हे 9,000 वर्षभरात 14,800 होतील. तीच खरेदी सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळाली तर 4,500. तुम्हाला सवलतीची काळजी वाटते, पण खरा भाव तुमचं कार्ड ठरवतंय.

आणि हे सगळं एक लाखाची एफडी हाताशी असताना! 80,000 वर एफडी 7 टक्क्यांनी वर्षाला 5,600 देते. त्याच 80,000 वर कार्ड 40,000 घेतं. एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड म्हणून व्याजात अर्धा-एक टक्का कपात होईल, होऊ द्या. 20,000 अडीअडचणीसाठी बचत खात्यात ठेवा, 80,000 कार्डवर भरा. उरलेल्या 60,000 साठी पर्सनल लोन घ्या किंवा कार्ड कंपनीकडून ते ईएमआयमध्ये बदलून घ्या. 15 टक्क्यांच्या आसपास मिळालं तर 12 महिन्यांचा हप्ता 5,400 बसतो, आज भरताय त्यापेक्षा कमीच. प्रोसेसिंग फी किती, ते आधी विचारा.

पॉलिसीबद्दल मला राग येतो, तो तुमच्यावर नाही. महिन्याला सव्वाचार टक्क्यांनी कर्ज वाहणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षांच्या हप्त्यात अडकवणं ही विक्री चुकीचीच आहे. अशा योजनांचं चित्र साधारण असं असतं: दहा वर्षं 48,000 भरा, विसाव्या वर्षी 10 लाख घ्या. 4,80,000 चे दुप्पट, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात परतावा पाच टक्क्यांच्याही आत येतो. तुमच्या उत्पन्नावर आज कोणी अवलंबून नाही, म्हणजे विम्याचीही घाई नव्हती.

लगेच बंद करू नका, आधी कंपनीला एक ईमेल करा: ‘पहिल्या वर्षाचे सगळे हप्ते भरून थांबलो तर सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी सोडल्यावर परत मिळणारी रक्कम) किती आणि कधी मिळेल?’ 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमांनुसार पूर्ण एका वर्षाचा प्रीमियम भरला असेल तर वर्ष संपल्यावर काहीतरी परत मिळतं. तुमचे चार हप्ते बाकी आहेत, म्हणजे 16,000. हातात येणारी रक्कम त्याहून स्पष्टपणे जास्त असेल तर चार भरा आणि बाहेर पडा. नसेल तर आजच थांबा. भरून गेलेले 32,000 या हिशेबात धरायचे नाहीत. उत्तर लेखीच घ्या. फोनवर तुम्हाला ‘आता बंद केलंत तर नुकसान’ एवढंच ऐकवलं जाईल.

गेम्सवर खर्च करू नका असं मी म्हणत नाही. शंभर तास रमवणारा विस्तार दोन हजारांत मिळत असेल तर तो महाग नाही. दर पगाराला 800 रुपये वेगळे काढा आणि यूपीआयने घ्या. स्टीमवर यूपीआय चालतं. राडान आणि मोग पडेपर्यंत ‘एर्डट्री’ विशलिस्टमध्ये राहू द्या, किंमत उतरली की ईमेल येतो.

बाकी शून्यावर आली की पुढच्या स्टेटमेंटमध्ये काही शे रुपयांचं व्याज पुन्हा दिसेल. ते मधल्या दिवसांचं असतं, तेही पूर्ण भरा. त्यानंतर बँकेच्या ॲपमध्ये कार्डच्या ऑटोपेचा पर्याय तपासा: तुमच्याकडे बहुधा ‘मिनिमम अमाउंट ड्यू’ निवडलेला असेल, तो बदलून ‘टोटल अमाउंट ड्यू’ करा.