ऑटिझम बरा करता आला तर करावा का? आणि ऑटिस्टिक माणसं 'नॉर्मल' लोकांवर एवढी चिडलेली का असतात?

तुम्ही लिहिलंय की सहा वर्षांच्या धाकट्या भावाला नुकतंच निदान झालंय, घरात 'ह्यावर औषध कधी निघेल' एवढी एकच चर्चा आहे, आणि मोठ्या ऑटिस्टिक माणसांचं लिखाण वाचायला गेलात तर ती तुमच्यासारख्यांवरच दात खाऊन होती. त्या दात खाणाऱ्यांत वर्षभर मीही होतो, म्हणून उत्तर लिहायला घेतलं.

मी वेंगुर्ल्याजवळ एका काजू कारखान्यात ग्रेडिंग आणि स्टॉकचा हिशोब बघतो. वय 41. निदान पस्तिशीत झालं, तेही भाच्यामुळे. डॉक्टर ताईला तिच्या मुलाबद्दल प्रश्न विचारत होते आणि शेजारी बसलेली आमची आई त्यातल्या निम्म्या प्रश्नांना माझ्याकडे बघून माना डोलवत होती.

आधी ऑटिझमच्या मराठी शब्दाबद्दल थोडी कुरकुर. 'स्वमग्नता' म्हणजे स्वतःत बुडालेला. मूळ शब्दही तसलाच आहे. ब्लॉयलर नावाच्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने तो 1911 च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात वापरला आणि 1943 मध्ये लिओ कॅनर ह्या अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञाने 11 मुलांचं वर्णन करताना तो उचलला. पण मी स्वतःत मग्न कधीच नसतो. मी काजूत मग्न असतो. 240 चा गर आणि 320 चा गर (एका पौंडात किती गर बसतात त्यावरून हा आकडा पडतो) मला वजन न करता कळतो. ह्याला दैवी देणगी वगैरे म्हणू नका. ग्रेडिंगच्या टेबलावरच्या बायकांना दहा वर्षांत तेच येतं, फक्त त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही.

आता बरं करण्याबद्दल. आमच्याकडे पहिला उपाय देवळात झाला. भाचा तीन वर्षांचा होऊनही बोलेना तेव्हा कौल लावला, गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, काय चूकभूल झाली आसात तर पदरात घे, आणि ह्या लेकराक वाचा फुटांदे रे म्हाराजा!" सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा!" म्हटलं आणि त्या आवाजाने पोराने कानावर हात ठेवून भुईवर लोळण घेतली. मी सभामंडपाच्या खांबामागे उभा होतो, माझेही हात कानावरच होते. तेव्हा आम्हा दोघांत काही साम्य असेल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. देवळाबद्दल माझी तक्रार नाही. एक नारळ गेला, आणि त्या दिवशी अख्खी वाडी ताईच्या बाजूने उभी होती.

दुसरा उपाय मात्र महागात पडला. मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकने स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशींची, इंजेक्शनं सुचवली. भावोजींनी हापूसची कलमं तीन वर्षांच्या कराराने देऊन टाकली आणि पैसे भरले. पोर दोन दिवस कळवळलं, बाकी काही फरक नाही. आपल्या आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेल हा सिद्ध झालेला उपचार नाही, बाकी सगळं संशोधनाच्या चौकटीत. हे ताईला कोणी सांगितलं नाही. तुमच्या घरी औषधाची चर्चा चालू असताना असले लोक दार ठोठावतीलच, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. 'लसीमुळे झालं' म्हणणारेही येतील. त्या दाव्याचं मूळ म्हणजे वेकफिल्ड ह्या ब्रिटिश डॉक्टरांचा 1998 मधला 12 मुलांवरचा निबंध. तो 2010 मध्ये नियतकालिकाने मागे घेतला आणि त्याच वर्षी त्यांची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली.

समजा, प्रामाणिक औषध निघालं. ते नेमकं काय काढणार? ऑटिझम बहुतांशी जनुकांतून येतो. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्राएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या 20 लाख मुलांच्या नोंदींवरचा 2019 चा अभ्यास आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 80 टक्के सांगतो. त्यात जनुक एक नाही, शेकडो आहेत. मेंदूची घडण पोटात असतानाच वेगळी व्हायला लागते. म्हणजे तापासारखी बाहेरून आलेली वस्तू काढून टाकली आणि खाली मूळ माणूस सापडला, असं होत नाही. जिम सिंक्लेअर ह्या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने 1993 मध्ये टोरांटोच्या परिषदेत आईवडिलांना हेच ऐकवलं होतं. मला विचाराल तर माझ्यातून ऑटिझम वजा केला की उरणारा माणूस कोण असेल ते मला सांगता येत नाही. तो कदाचित लग्नकार्यात रमेल. त्याच्यासाठी मी जागा का सोडावी?

हे मी एकदा ताईसमोर मोठ्या ऐटीत बोललो. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "तुका बोलूक येता म्हणान तू बोलतंस. माझ्या झिलान खंय बोलूचा?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि पूर्ण उत्तर आजही नाही. भाचा आता पंधराचा आहे. पाच-सहा शब्द बोलतो. त्याला फिट येतात. फिट ऑटिस्टिक माणसांत इतरांपेक्षा जास्त आढळतात. आमच्या भागातले बरेच लोक मोठ्या दुखण्याला गोव्यात बांबोळीच्या सरकारी इस्पितळात जातात, तसे ताई-भावोजीही त्याला घेऊन जातात. तिथल्या गोळ्यांनी फिट आटोक्यात आल्या, झोप लागायला लागली. त्या गोळ्या बंद करा असं कुठला ऑटिस्टिक कार्यकर्ता म्हणाला तर मी आधी त्याच्याशी भांडेन.

दोन वर्षांपूर्वी तो महिनाभर डोकं भिंतीवर आपटत होता. जो बघेल तो म्हणे, ऑटिझम वाढलाय, वयात येतोय, डोस वाढवा. वाढवलाही. मी रोज कारखान्यातून सुटलो की त्याच्या बाजूला पडवीत बसायचो, काहीही न बोलता, आम्हा दोघांना तेच बरं वाटतं. चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की तो आपटतो ते नेहमी डाव्याच बाजूने, आणि जेवणानंतर जास्त. खालची डावी दाढ मुळापर्यंत किडली होती. ती काढल्यावर तीन दिवसांत आपटणं थांबलं.

तेव्हापासून 'ऑटिझम बरा करावा का' असा सलग प्रश्न मी विचारत नाही. फिट, दाढ, झोप, पोट ह्यांवर मिळेल तो सिद्ध उपचार. बोलता येत नाही त्यावर चित्रांची वही, ती ताईने स्वतः पुठ्ठ्यावर चिकटवून केली. त्यातलं सगळ्यात मळलेलं कार्ड 'नको'चं आहे, पहिल्या आठवड्यात त्याने घरभर सगळ्यांना तेच दाखवलं. हात हलवणं, एकच नारळाची करवंटी तासभर फिरवणं, डोळ्यांत न बघणं ह्यावर उपचार कशाला? ताई अजूनही म्हणते, एक गोळी मिळाली आणि तो 'आये' म्हणाला तर मी देईन. मी तिला चूक म्हणत नाही. मी तिच्या जागी नाही, आणि त्याच्याही जागी नाही, हे मात्र मला बरंच उशिरा कळलं.

दुसरा प्रश्न, रागाचा. निदानानंतर मागची पस्तीस वर्षं एकदम परत आठवतात. शाळेत 'खुळो' म्हणून मारलेल्या हाका, गणपतीत माजघरात झांजा सुरू झाल्या की विहिरीपाशी पळालो म्हणून पाहुण्यांसमोर खाल्लेला मार. आमच्याकडे दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. मंडळी रंगपटात कथानक ठरवतात आणि रात्रभर जागच्या जागी बोलत राहतात. तुम्ही सगळे जन्मभर तसंच बोलता. मला मात्र प्रत्येक प्रवेश आदल्या रात्री पाठ करावा लागतो, आणि समोरच्याने वाक्य बदललं की मी रंगमंचावर उघडा पडतो. हे सोंग रोज वठवणारा माणूस संध्याकाळी चिडलेला नसेल तर काय?

त्या वर्षी मी इंटरनेटवर 1998 मधलं एक विडंबन वाचलं. एका ऑटिस्टिक व्यक्तीने एका काल्पनिक संस्थेच्या नावाने 'न्यूरोटिपिकल', म्हणजे ऑटिस्टिक नसलेल्या, लोकांनाच रोगी ठरवून त्यांची लक्षणं लिहिली होती: सतत घोळक्यात राहण्याची गरज, असल्या थाटात. पोट धरून हसलो. मग एक दिवस लक्षात आलं, मी ते विनोद म्हणून वाचायचं सोडून खरं मानायला लागलोय. 'आम्हीच प्रामाणिक, हे सगळे ढोंगी' ह्या भाषेला पोहोचलो होतो. ही भाषा तुम्हाला जिथे भेटेल तिथे खुशाल सोडून द्या. कॅनरची भाषा उलटी फिरवली म्हणून ती शहाणी होत नाही.

डेमियन मिल्टन ह्या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने 2012 मध्ये मांडलं की गैरसमज दुतर्फा असतो, आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. 2020 मध्ये आपल्या कानगोष्टींसारखा एक प्रयोग झाला. आठ-आठ जणांच्या रांगेतून एक गोष्ट पुढे सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या रांगांत ती इतरांइतकीच नीट पोहोचली, मिश्र रांगांत जास्त गळली. मी हा निकाल वर्षभर लोकांच्या तोंडावर फेकत होतो. पुढे 2025 मध्ये तीनशेवर लोकांना घेऊन तोच प्रयोग झाला, तेव्हा मिश्र रांगांतली ती गळती दिसली नाही. मला आधी वाईट वाटलं, हे कबूल करतो. तुमच्या-आमच्यातली भिंत मी समजत होतो तेवढी जाड निघाली नाही.

तशी ती कारखान्यात कधीच जाड नव्हती. टेबलावरच्या एक काकी गेली नऊ वर्षं दुपारी एकला एक मिनिट कमी असताना माझ्याकडे वळून सांगतात, "रे झिला, आता भोंगो वाजतलो हां." ऑटिझम हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही. पहिल्या भोंग्याला मी दचकलो आणि हातातलं ताट उलटलं, ते त्यांनी पाहिलं होतं, एवढंच.

भावासाठी म्हणाल तर आत्ता दोन कामं करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या, रांग लांब असते, डबा आणि त्याची आवडती वस्तू बरोबर ठेवा. आणि कान तपासून घेतले नसतील तर घ्या, त्याच फेरीत दातही.