शेजारच्या ख्रिस्ती घरात रोज नेमकं काय चालतं?

तुम्ही विचारलंय: शेजारच्या फ्लॅटमध्ये वसईचं ख्रिस्ती कुटुंब राहायला आलंय, संध्याकाळी आतून एका सुरातली प्रार्थना ऐकू येते, बाल्कनीत कुंड्यांची दाटी आहे, बाई फोनवर जी मराठी बोलतात ती निम्मी कळत नाही, तर यांच्या घरात रोज चालतं काय, आणि सरळ विचारलं तर राग येईल का?

राग कसला येतोय. उलट बसवून घेतील आणि तासभर सोडणार नाहीत. तोवर मी सांगते, कारण मी तिकडचीच. माहेर-सासर दोन्ही वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळच्या आसपास. नोकरीची सव्वीस वर्षं विरार-चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने गेली. आधी एक करा, सिनेमातला ख्रिश्चन डोक्यातून काढून टाका. तो झगा, ती गिटार, ते 'हम बोलता है'. माझ्या आजीने जन्मभर लाल लुगडं नेसलं आणि खांद्यावर पावडा टाकून वाडीत गेली. तिला बघून कोणी 'मॅगी आंटी' म्हटलं असतं तर तिने मागे वळूनही पाहिलं नसतं.

ती न कळणारी मराठी म्हणजे बहुधा कादोडी, म्हणजे सामवेदी बोली. कुपारी, म्हणजे वसईतले सामवेदी ख्रिस्ती लोक, ती घरात बोलतात. शेजारी दुसऱ्या, वाडवळ समाजाचे असले तर वाडवळी असेल. चर्चमध्ये मात्र प्रमाण मराठी. आजीच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये व्हायची. दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२ ते १९६५) झाली आणि मग ती लोकांच्या भाषेत आली. आजीला लॅटिन ओळी शेवटपर्यंत पाठ होत्या. अर्थ विचारला की म्हणायची, "देवाला कळतंय ना? मग तुला काय करायचंय?"

संध्याकाळचा तो एकसुरी आवाज म्हणजे जपमाळ. आम्ही सरळ रोझरीच म्हणतो. मरियामातेची प्रार्थना एकूण त्रेपन्न वेळा येते. अर्धी एकाने म्हणायची, अर्धी बाकीच्यांनी, म्हणून तो हेलकावा ऐकू येतो. पंधरा-वीस मिनिटं लागतात. ऑक्टोबर महिना खास रोझरीचा, त्यामुळे तेव्हा आवाज जरा जास्त येईल. फार गंभीर वातावरण असतं असं समजू नका. धाकटा पेंगतो, मोठी मोबाइल उशीखाली सरकवते, आणि आईचं लक्ष कुकरकडे. आमच्या घरी मणी बोटांत आणि शिट्ट्या डोक्यात असा दुहेरी हिशेब चालतो. तिसऱ्या शिट्टीला सासूबाई प्रार्थना न थांबवता मला डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे पाठवायच्या.

रोझरी जिथे होते ती भिंतीवरची फळी म्हणजे आल्तार. वर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, मरियामाता, मेणबत्त्या, वाडीतली दोन फुलं. फळीला क्रोशाची पांढरी झालर. आमच्यातल्या जुन्या बायकांच्या हाताला क्रोशाची सुई लागली की सुटायची नाही. झालरी, मेजावरची कापडं, बाप्तिस्म्याची टोपडी. झालर ताठ राहायला भाताच्या पातळ पेजेत बुडवून, पिळून, उन्हात टाचण्यांनी ताणून सुकवतात. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला मी उत्साहाच्या भरात घट्ट पेज वापरली. तिसऱ्या दिवशी आल्तारवर मुंग्यांची अशी मिरवणूक निघाली की सासऱ्यांनी विचारलं, "या कुठल्या गावच्या?"

आता कुंड्या. त्यांची वाडी सुटलीय, त्या कुंड्या म्हणजे वाडीची उरलेली आठवण असणार, असा माझा अंदाज. वसईत घर म्हणजे घर आणि मागची वाडी. केळी, पानवेली, भाजी, मोगरा, सोनचाफा. पाणी बावखलाचं, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याचं. त्यावर पूर्वी बैल जुंपलेला रहाट असायचा. चर्चची घंटा दिवसातून तीनदा वाजते. सकाळच्या घंटेआधी फुलं खुडून व्हायची, कारण पहाटेच्या लोकलने दादरचा फूलबाजार गाठायचा असे. दुपारच्या घंटेला आजोबा वाफ्यातच उभे राहून डोक्यावरची टोपी काढायचे, मिनिटभर ओठ हलायचे, की पुन्हा पाणी धरायला वाकले. माझी देवाबद्दलची पहिली आठवण तीच आहे: चिखलाने भरलेले पाय आणि हातात टोपी.

झेंडू आमच्याकडे दोनदा लागतो. दसरा-दिवाळीला तो बाजारात जातो, तुमच्या दाराच्या तोरणात. त्याच वाफ्यातला शेवटचा तोडा आम्ही राखून ठेवतो तो २ नोव्हेंबरसाठी. त्या दिवशी मृतांची आठवण, सगळं गाव कबरस्तानात. कबरी धुऊन त्यावर झेंडूच्या पाकळ्यांनी क्रूस काढायचा, मेणबत्त्या लावायच्या. एका वर्षी भाव असा चढला की दिराने राखलेला तोडाही विकला. सासूबाई त्याच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

नाताळचं तुम्हाला माहीत असेलच, चांदणी, केक वगैरे. पण शेजारीण डिसेंबरच्या मध्यावर ताटलीत माती घेऊन काहीतरी पेरताना दिसली तर ती नाचणी असेल किंवा गहू. गव्हाणीच्या देखाव्यात खरं हिरवं गवत लागतं, ते असं घरी उगवतात. रात्रभर भिजवायचं, बोटभर मातीवर दाट पसरायचं, दोन दिवस ओल्या फडक्याखाली झाकायचं, मग बोटांनी पाणी शिंपडत राहायचं. बारा-तेरा तारखेला पेरलं तर चोवीसला बोटभर उंच, ताठ, पोपटी. मी एकदा घाई करून १ तारखेला पेरलं. नाताळपर्यंत ते इतकं वाढलं की आडवं पडलं, आणि मातीचे मेंढपाळ त्यात दिसेनात. मुलगा गाढव शोधत बसला. बाळ येशू मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत. तोवर कपाटात, कापसात गुंडाळलेला. तुम्ही आधी देखावा बघायला गेलात आणि गव्हाणी रिकामी दिसली तर "बाळ विसरलात का?" असं विचारू नका, मी हे ऐकून ऐकून थकलेय.

आता जेवण. रोजचं म्हणाल तर भात, कालवण, बोंबील, केळफुलाची भाजी. म्हणजे कोकणपट्टीत बाकी सगळे खातात तेच. पहिल्या घासाआधी हात जोडून दोन ओळींची प्रार्थना, एवढंच वेगळं. सणाला इंदाल, म्हणजे सिरक्यातलं मांस. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली ती १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडे होती. त्या दोनशे वर्षांत त्यांचा दारू-लसणातला मांसाचा प्रकार इथे आला आणि सिरका-मिरचीचा होऊन बसला. सासूबाईंचा नियम एकच: वाटणाला पाण्याचा थेंब लागता कामा नये. लाल मिरच्या, लसूण, जिरं, मोहरी, सगळं सिरक्यातच वाटायचं. पाटा धुतल्यावर तो पुसून उन्हात ठेवायच्या, मग वाटायला घ्यायच्या. पाणी लागलं नाही तर इंदाल तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा चांगलं लागतं. मी मिक्सर वापरते. तो मात्र मीही पुसूनच घेते.

(जाता जाता: पोर्तुगीज फक्त आमच्याच घरात शिरले असं समजू नका. पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, बादली, घमेलं, सगळे त्यांचेच शब्द. नाताळसुद्धा. तुमच्या घरातही दिवसातून वीस वेळा येतात.)

फुगे म्हणजे आमचे तळलेले गोल पाव. त्यांची मजा बघायची तर करताना बघायला हवी. मैदा, अंडी, नारळाचं दूध, पूर्वी ताडीने आंबवायचे, आता यीस्ट. पीठ सैलसर, हाताला चिकटणारं. ते झाकून ठेवताना सासूबाई बोटाने वर क्रूस काढायच्या. फुगलं की क्रूस पुसट होतो, मग वेळ झाली म्हणायचं. मूठभर पीठ हातात घेऊन मूठ आवळायची, अंगठा आणि तर्जनीमधून गोळा वर येतो, तो अंगठ्यानेच तोडून तेलात. चांगल्या हाताचा फुगा तेलात आपला आपण उलटतो. माझा अजून झाऱ्याने उलटवावा लागतो.

आणि सुकेळी. हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. राजेळी केळी पूर्ण पिकली की सोलून उन्हात सुकवतात. दिवसा चटईवर, संध्याकाळी गोळा करून केळीच्या सुक्या पानात गुंडाळून ठेवायची, सकाळी परत उन्हात. आठवडाभर हा खेळ. पांढरट केळं हळूहळू तांबूस, मग मधाच्या रंगाचं होतं. साखर नाही, तूप नाही, काही नाही. शेवटी सुक्या पानात घट्ट बांधतात. बघायला विडीच्या जाड्या बंडलासारखं, आत अस्सल मिठाई. पण रोज उचलायचं-पसरायचं कोण? आभाळ आलं की धावायचं कोण? करणारी घरं कमी होत चाललीत. आमच्या मागचं बावखल एका बिल्डरने डेब्रिज टाकून निम्मं बुजवलं, २०१८च्या जुलैत पाणी तुंबलं तेव्हा केळीची बाग कितीतरी दिवस गुडघाभर पाण्यात उभी होती, आणि त्यानंतर आम्ही राजेळी लावलीच नाही. सुकेळी आता विकत आणते. त्याबद्दल फार बोलावंसं वाटत नाही.

उपवासकाळ म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस. शुक्रवारी मांस नाही, संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीची प्रार्थना. बरीच घरं चाळीसही दिवस मांस सोडतात. मासे चालतात, त्यामुळे कोळंबीच्या कालवणावर 'उपास' करणाऱ्या आमच्या मंडळींची मी कायम थट्टा करते. ज्याला खरंच काही सोडायचंय तो चहा सोडतो. माझे वडील विडी सोडायचे आणि ईस्टरच्या पहाटे परत धरायचे.

याच काळातलं एक काम मला सगळ्यात प्रिय आहे. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चर्चमध्ये झावळ्यांना आशीर्वाद देतात. घरी आल्यावर अंगणात बसून त्यांचे क्रूस विणायचे. कोवळी, पिवळसर पात घ्यायची. जून पात दुमडली की चिरते. मधला हीर काढायचा (तो टाकत नाहीत, खराट्यात जातो), मग पातीची एक पट्टी उभी, एक आडवी, एकमेकींतून ओवत चौकोनी गाठ बसवायची. आजीने शिकवलं तेव्हा माझा क्रूस दर वेळी पतंगासारखा तिरका व्हायचा. ती काही न बोलता उसवायची आणि पात परत हातात द्यायची. झालेला क्रूस तसबिरीमागे खोचतात. वर्षभर तिथेच. हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा गवती होतो. पुढच्या उपवासकाळाच्या तोंडावर ते जुने क्रूस चर्चमध्ये परत द्यायचे, ते जाळून राख करतात, आणि राखेच्या बुधवारी तीच राख कपाळाला लावतात: तू माती आहेस आणि मातीला मिळशील. ऑफिसात त्या दिवशी कपाळ बघून कुणीतरी "काय लागलंय?" म्हणून रुमाल पुढे करायचंच. शहरातल्या माणसाला ते वाक्य दरडावणीसारखं वाटतं. आजी मात्र कपाळावर राख घेऊन तशीच वाडीत जायची आणि वाफ्यात शेणखत मिसळायला बसायची.

हे सगळं आमच्या वसईचं झालं, आणि तेही कॅथलिकांचं. नगर, जालना, मिरजेकडची बरीच ख्रिस्ती घरं प्रोटेस्टंट. तिथे रोझरी नाही, मूर्ती नाहीत, घरात बायबलवाचन आणि भजनं. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांची पदं तिथे आजही गातात. तेव्हा पुढच्या वेळी मिरजेचं कुटुंब आलं तर माझं हे उत्तर त्यांना लावू नका.

राहिला तुमचा संकोच. मे महिन्यात आमच्या गावात क्रुसापाशी संध्याकाळी प्रार्थना होते आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. रस्त्याने जाणाऱ्याला कोण, कुठला, हे विचारायची पद्धत नाही, हात पुढे केला की चणे. तुमची शेजारीण त्यातच वाढलीय. मिस्सेला मात्र रविवारी सकाळी जातात, तेव्हा बेल वाजवू नका. कुंड्यांपासून सुरुवात करा, "हा मोगरा कुठला?" एवढं पुरे. आणि २५ डिसेंबरला त्या करंज्या, कुलकुल, केकचं ताट घेऊन येतील. ते ताट रिकामं परत द्यायचं नसतं. घरात काही नसलं तर मूठभर साखर घाला, पण घाला.