मुलीचे पहिले धनुष्य कर्ज काढून घ्यावे का?

सातारा जिल्ह्यातील एका वाचकांची नऊ वर्षांची मुलगी उन्हाळी शिबिरापासून नियमितपणे तिरंदाजीला जाते. तिच्यासाठी रिकर्व्ह प्रकाराचा, म्हणजे टोके पुढे वळलेल्या धनुष्याचा, पूर्ण संच घ्यावा, असे त्यांच्या मनात आहे. त्याची किंमत त्यांना १,२०,००० रुपये सांगण्यात आली असून ती १४ टक्के दराच्या दोन वर्षांच्या वैयक्तिक कर्जातून भागवायची आहे. प्रशिक्षकांनी सुचवलेला भाग सुटे करता येणारा लाकडी रिकर्व्ह मात्र बाण, बोटांना जपणारा टॅब आणि हाताला जपणारा आर्मगार्ड धरून १४,००० रुपयांत मिळतो. पण तो लवकर बदलावा लागेल आणि पैसे दोनदा जातील, अशी त्यांना भीती वाटते. हातात येणारे वेतन ६२,००० रुपये, गृहकर्जाचा हप्ता १८,५०० आणि शिकवणीच्या शुल्कासह घरखर्च ३१,००० रुपये आहे. सुकन्या समृद्धीत ३,००० आणि म्युच्युअल फंडात ४,००० रुपये दरमहा जातात. मुदत ठेव १,१०,००० रुपयांची आहे.

आपण हे कर्ज घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन वर्षांसाठी हप्ता सुमारे ५,७६० रुपये येईल आणि व्याजापोटी अठरा हजारांहून थोडे अधिक जातील. आपल्याकडे महिन्याला उरतात ५,५०० रुपये, म्हणजे पहिल्याच महिन्यापासून कशाला तरी कात्री लावावी लागेल. परंतु वेतन याहून जास्त असते तरीही मी हेच सांगितले असते, कारण खरी अडचण हप्त्यापेक्षा खरेदी करायच्या वस्तूत आहे.

दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला अडीचने भागावे, म्हणजे ड्रॉ लेंग्थचा, अर्थात दोरी किती मागे खेचली जाईल याचा, ढोबळ अंदाज मिळतो. आपण मुलीची उंची १३२ सेंटिमीटर कळवली आहे. पसरलेल्या हातांचे अंतर साधारण उंचीइतकेच असते, त्यावरून ही लांबी २१ इंचांच्या आसपास येते. या वयात मुले वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात हे लक्षात घेता, कर्जाचा शेवटचा हप्ता भरला जाईल तेव्हा ती लांबी दीड ते दोन इंचांनी वाढलेली असेल. आज तिच्या मापाने कापून घेतलेले कार्बनचे बाण तेव्हा आखूड पडतील, आणि आखूड बाण केवळ निरुपयोगी नसतो तर धोक्याचा असतो, कारण तो टेकूवरून मागे घसरून धनुष्य धरलेल्या हाताला इजा करू शकतो. धनुष्याचे वरचे-खालचे दोन लिम्बही तेव्हा बदलावे लागतील. नेम धरायची साइट, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर आणि मधला धरायचा भाग म्हणजे रायझर टिकतात, हे खरे. पण ते टिकतात म्हणूनच आजच घेण्याची घाई नाही. शिवाय मोठ्यांसाठी सर्रास वापरला जाणारा २५ इंची रायझर या उंचीच्या मुलीला पेलणारा नसतो, आणि लहान रायझर घेतला तर तोही पुढे बदलावा लागतोच. दोनदा पैसे जाण्याची आपली भीती रास्त आहे. फक्त ती महागड्या संचाला अधिक लागू पडते.

इथे एक बारकावा दुकानात सहसा सांगितला जात नाही. लिम्बवर छापलेले पाउंड, म्हणजे दोरी खेचायला लागणारा जोर, २८ इंचांच्या ड्रॉ लेंग्थला मोजलेले असतात. २१ इंचच खेचणाऱ्या मुलीला १६ पाउंडांचा लिम्ब प्रत्यक्षात बराच हलका लागतो, आणि तिचा हात लांबत जाईल तसतसे तेच धनुष्य आपोआप जड होत जाते. त्यामुळे साधा लाकडी रिकर्व्ह आपण समजता तितक्या लवकर बाद होत नाही, आणि तो कमी पडू लागला तरी बहुधा फक्त लिम्बची जोडी बदलून भागते. शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो, तसे जास्त पाउंडांचे धनुष्य मात्र ‘पुढे चालेल’ म्हणून घेऊ नये; खांद्यावर ताण येतो आणि लागलेली चुकीची सवय मोडायला महिने जातात.

कंपाऊंडचा, म्हणजे कप्प्या बसवलेल्या धनुष्याचा, विचार करावा का, हेही आपण विचारले आहे. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाऊंडमध्ये विजेते ठरल्यापासून हा प्रश्न आपल्या भागात येणे साहजिक आहे. काही प्राथमिक कंपाऊंड धनुष्यांत ड्रॉ लेंग्थ आणि खेचण्याचा जोर दोन्ही बऱ्याच मर्यादेत बदलता येतात, त्यामुळे वाढत्या वयाचा आर्थिक मुद्दा तिथे निम्मा सुटतो, हे मान्य केले पाहिजे. तरीही कोणता प्रकार खेळायचा, हा निर्णय प्रशिक्षकांचा आहे. दुसऱ्या टोकाला बांबूच्या किंवा लाकडाच्या धनुष्याने खेळला जाणारा इंडियन राउंड आहे. तो सर्वांत कमी खर्चाचा असून कमी प्रतीचा मुळीच नाही. तिरंदाज दीपिका कुमारीचा सरावही घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यानेच सुरू झाला होता.

हप्त्यासाठी सुकन्याचे पैसे दोन वर्षे थांबवण्याचा आपला विचार मला सर्वांत कमी पटला. खाते चालू ठेवायला वर्षाला २५० रुपये पुरतात, हे बरोबर आहे. पण ८.२ टक्के दर कायम राहिला असे धरले, तर न भरलेले ७२,००० रुपये खाते पूर्ण होईपर्यंत सुमारे दोन लाख झाले असते. नंतर भरून काढू असे आपण म्हणाल. नियमात ते बसते, परंतु त्या वर्षांत स्पर्धांचे प्रवासही सुरू झालेले असतील. मुदत ठेवीला तर अजिबात हात लावू नये, कारण घरखर्च आणि गृहकर्ज मिळून ती जेमतेम सव्वादोन महिने पुरेल इतकीच आहे.

लाकडी संचाचे १४,००० रुपये पुढील तीन महिन्यांच्या शिलकीतून जमतील. तोवर अकादमीचे धनुष्य वापरू द्यावे. त्यानंतर दरमहा ३,००० रुपयांची आवर्ती ठेव सुरू करावी. साडेसहा टक्के दर मिळाला, तर दोन वर्षांत व्याजासह सुमारे ७७,००० रुपये हातात येतील. उरलेले २,५०० रुपये बाण, लिम्ब आणि प्रवासासाठी मोकळे ठेवावेत. मुलगी तेव्हाही मैदानावर टिकून असेल आणि प्रशिक्षक म्हणतील, तर त्या रकमेतून रायझर आणि साइट घ्यावी. अकादमीतल्या मोठ्या मुलांचे वापरलेले लिम्ब जरूर पाहावेत; फक्त त्यांना पीळ किंवा तडा नाही, हे प्रशिक्षकांकडून तपासून घ्यावे. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असती, उंची स्थिरावली असती आणि राज्य संघात निवड झाली असती, तर मी मुदत ठेवीवर छोटे कर्ज घेण्यालाही हरकत घेतली नसती.

दुकानात आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी प्रशिक्षकांकडून ड्रॉ लेंग्थ मोजून घ्यावी आणि मुलीचा कोणता डोळा प्रबळ आहे हे तपासून घ्यावे, कारण धनुष्य उजव्या की डाव्या हाताचे घ्यायचे हे त्यावरून ठरते आणि उजव्या हाताचा रायझर डावखुऱ्या तिरंदाजाच्या उपयोगाचा नसतो. लिम्ब बदलून मिळतील का, हे पावतीवर लिहून घ्यावे. आर्मगार्ड, टॅब आणि दोरी चढवण्याचा स्ट्रिंगर यांत मात्र काटकसर करू नये.